विधवेच्या टाक्याचा पुरावा

आर्डिस क्रोनिंगला कुणी ‘सुप्रभात’ म्हटलं तर ती आधी खिडकीबाहेर बघून खात्री करते, असं बर्नी म्हणायचा. बर्नी हा निवृत्त पोस्टमन आणि तिचा तीस वर्षांचा मित्र, त्यामुळे त्याला असं बोलायची मुभा होती. त्याच्या बोलण्यात थोडं तिखटमीठ असेल, पण खोटं फारसं नव्हतं. आर्डिसने विस्कॉन्सिनातल्या वॉसॉ गावी औषधांच्या दुकानात काउंटरमागे एकतीस वर्षं काढली. डॉक्टरची सही खरी आहे की चोरलेल्या कागदावर कुणी गिरवली आहे, हे ती चिठ्ठी हातात घेण्याआधीच ओळखायची. निवृत्त झाल्यावर ती नजर ठेवणार कुठे? मग ती चर्चच्या जेवणातल्या बटाट्याच्या सॅलडवर पडायची. “घरी केलंस म्हणतेस, मग सगळे तुकडे एकाच मापाचे कसे?” पाद्रीबुवांच्या प्रवचनातल्या गोष्टींवर पडायची. आणि सगळ्यात जास्त पडायची ती आमच्या मंडळावर.

आमचं मंडळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी सहाशे वर्षं मागे राहायला जाणाऱ्यांचं. आठवडाभर कुणी दवाखान्यात लोकांचे दात साफ करतं, कुणी बर्फ उपसायची गाडी चालवतं. शनिवारी तीच माणसं लोकरीचे झगे घालून तंबूत बसतात आणि लाकडी वाडग्यातून खातात. बघणाऱ्याला तेवढ्या तलवारी दिसतात. पण आमच्यातल्या निम्म्यांचा जीव तलवारीत नसतो, कागदात असतो. चौदाव्या शतकात जोडा कसा शिवायचे, मोजे कसे कापायचे, हे पुस्तकांतून आणि उत्खननांच्या अहवालांतून हुडकायचं, तसंच आपल्या हाताने करून बघायचं, आणि काय सापडलं ते इंटरनेटवर पान लिहून सगळ्यांना वाटायचं. यात पैसा नाही, पदवी नाही. त्यामुळे भांडणं फार कडक होतात.

फेब्रुवारीत तंबू ठोकायची सोय नसते, तेव्हा ल्यूथरन चर्चच्या तळघरात या कामांचं प्रदर्शन भरतं. टेबलावर वस्तू ठेवायची आणि शेजारी पुराव्याचे कागद: हे कुठल्या खोदकामात निघालं, कुठल्या चित्रात दिसलं, कोणी लिहून ठेवलं. शेवटच्या पानाला आम्ही ‘कबुली’ म्हणतो. मूळ वस्तूत नव्हतं आणि मी घातलं, असं जे जे असेल ते तिथे आपणहून सांगून मोकळं व्हायचं. दोरा बाजारातला आहे, सुई पोलादी आहे, शेवटची शिवण कंटाळून मशीनवर मारली आहे, सगळं. कबूल केलेल्या चुकीचे गुण जात नाहीत. लपवलेल्या चुकीचे जातात, आणि परीक्षक आर्डिस असेल तर अब्रूही जाते. एका प्राध्यापकाच्या ढालीमागे तिला कारखान्यातला स्क्रू सापडला होता. कबुलीत स्क्रूचं नाव नव्हतं. ते प्राध्यापक नंतर कधी मंडळात दिसले नाहीत.

“पुरावा काय?” हा तिचा पहिला प्रश्न असायचा, आणि नवी माणसं तिला त्याच नावाने ओळखायची. ‘ती पुरावाबाई आली बघ.’ आर्डिसला ते माहीत होतं. मनातून आवडतही होतं.

जानेवारी संपता संपता परीक्षकांकडे कागद आले, त्यात एक नवं नाव होतं: पाकू थाओ. तिने कुंची शिवली होती. डोकं, कान, मान झाकून खांद्यांवर उतरणारी लोकरीची टोपी. आपण बाळाला घालतो तीच, फक्त थोराड. त्या काळात थंडीत सगळेच ती घालायचे. फोटो सुलट बाजूचे होते, उलट बाजूचेही होते. आतल्या बाजूला, कळीच्या, म्हणजे खांद्यावर घेर यावा म्हणून घातलेल्या तिकोनी तुकड्याच्या जोडावर, लाल लोकरीच्या फुल्या फुल्या घालत गेलेली एक ओळ होती. खाली लिहिलं होतं: ‘हा विधवेचा टाका. चौदाव्या शतकात पूर्व इंग्लंडमधल्या विधवा नवऱ्याच्या आठवणीसाठी कुंचीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याची एक ओळ घालत.’

आर्डिसच्या मनात पाल चुकचुकली. एक नव्हे, दोन. पहिली अशी की टाके नको तितके सारखे होते. माणसाच्या हाताला असं जमत नाही. दुसरी मोठी. कुंचीबद्दल जे म्हणून छापलं गेलं ते एकतर आर्डिसच्या कपाटात होतं किंवा लायब्ररीतून मागवून तिने वाचलं होतं. विधवेचा टाका तिला कुठेही भेटला नव्हता.

तिने बर्नीला फोन लावला.

“ही पाकू थाओ कोण?”

“खिडक्यांच्या कारखान्यात आहे, काचा बसवते. मंगळवारी लायब्ररीत शिवायला येते. तू पाठ धरून घरी बसतेस, तुला कसं माहीत असणार? चांगली आहे पोरगी.”

“चांगली आहे, याला पुरावा काय?”

“मला एग रोल करून आणले होते तिने. डझनभर.”

“बर्नी, हा पुरावा नाही. ही लाच झाली.”

मंगळवारी पाठीला पट्टा आवळून आर्डिस लायब्ररीच्या मागच्या खोलीत हजर झाली. बर्नी कोपऱ्यात आपलं चिलखत घेऊन बसला होता. एकेक कडी पकडीने वळवून दुसरीत अडकवायची, असं त्याचं आठ वर्षं चाललं होतं, आणि चिलखत अजून छातीच्या खाली उतरलं नव्हतं. त्याच्या शेजारी एक ठेंगणी, चौतिशीची बाई मान खाली घालून शिवत होती. आर्डिसने खुर्ची ओढली, भिंग काढलं आणि न विचारता कुंची उचलली.

“ही तूच शिवलीस?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”

“टाके फार एकसारखे आहेत.”

“थँक यू.”

“मी कौतुक नाही केलं.”

बर्नीला खोकला आला. आर्डिसने स्वतःच्या पिशवीतून सुई, दोरा आणि कापडाचा तुकडा काढला. पोरीच्या सुईवर तिचा भरवसा नव्हता. “शिवून दाखव,” ती म्हणाली.

पाकूने दाखवलं. बर्नीच्या चार कड्या वळून होईपर्यंत तिची वीतभर तुरपाई झाली होती, आणि तीही मोहरीएवढ्या टाक्यांची. आर्डिसने तुकडा हातात घेऊन पहिल्यांदा उलटा केला. पाकू खुदकन हसली.

“हसायला काय झालं?”

“माझी आजी अस्संच करायची. आधी उलट बाजू. म्हणायची, सुलट बाजू तर चोरसुद्धा नीट करतो.”

“कुठे शिकली तुझी आजी?”

“लाओसमध्ये, डोंगरात. आम्ही हमोंग लोक ना, आमच्यात मुलगी चालायला लागली की हातात सुई देतात. ती तिकडून पळून थायलंडच्या निर्वासितांच्या छावणीत आली तेव्हा तिच्याकडे एक बाळ आणि एक सुईची डबी होती. बाळ म्हणजे माझी आई.”

पहिली पाल मेली. आर्डिसने तिला मनातल्या मनात पुरलं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. भिंग तिने लाल फुल्यांवर नेलं.

“आणि हे कुठलं?”

“विधवेचा टाका? मिशिगनच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग होता. त्यांच्या कागदांत आहे.”

“मिशिगनच्या बाईंना कोणी सांगितलं?”

“त्यांनी आयोवाच्या एका मास्तरांचं नाव दिलंय.”

“आणि मास्तरांना? स्वप्न पडलं?”

 पाकूने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग आर्डिसकडे न बघता बोलली, “माझ्या आईला हे सगळं पटत नाही. म्हणते, दुसऱ्यांच्या खापरपणज्यांचे कपडे घालून कशाला मिरवतेस? आपल्या पणज्या कमी पडल्या? दोन वर्षं ऐकतेय मी. मग तिला हा टाका दाखवला. बाबा गेले तेव्हा त्यांच्या अंगावर जे घातलं ते तिनेच शिवून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, बघ आई, यांच्या बायकाही गेलेल्यांसाठी शिवायच्या. त्यावर पहिल्यांदा ती काही बोलली नाही. शनिवारी प्रदर्शनाला येते म्हणाली.”

“पुरावा नसेल तर खोडावं लागेल,” आर्डिस म्हणाली. “तुझ्या आईला आवडलं म्हणून खोट्याचं खरं होत नाही.”

“आर्डिस, जरा जपून,” बर्नी पुटपुटला.

“तू तुझ्या कड्या वळव.”

पण गाडीत बसल्यावर तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की आर्डिसला राग यायचा. कुणीतरी बसल्या बसल्या एक थाप मारली होती, आणि त्या थापेच्या भरवशावर एक आई शनिवारी जिने उतरून तळघरात येणार होती. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे शोधायला आर्डिसइतका लायक माणूस अख्ख्या विस्कॉन्सिनात नव्हता.

घरी येऊन तिने मिशिगनच्या बाईंना दोन ओळी लिहिल्या. ‘विधवेचा टाका. पुरावा काय?’ खाली नाव. बुधवारी सकाळी गोड उत्तर आलं: किती छान प्रश्न, मला तर ही गोष्ट फारच हृद्य वाटते, मी वर्गात सांगते तेव्हा बायका रडतात. बायका रडतात हा पुरावा आहे असं बाईंना वाटत असावं. पण मास्तरांचा पत्ता त्यांनी दिला होता. आर्डिसने त्यांना चार ओळी लिहिल्या, कारण आता तिचा पारा चढला होता. ‘ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांना लाज वाटायला हवी’ ही त्यातली शेवटची ओळ.

गुरुवारी दुपारी, ती सूप गरम करत असताना, मास्तरांचं उत्तर आलं.

माणूस सभ्य होता. त्याने लिहिलं होतं, ‘बाई, मी काही रचलेलं नाही. खोदकामातली वस्तू मी पाहिली नाही हेही कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मंडळातल्या एका भगिनीचं पान इंटरनेटवर होतं. नाव होतं नॉर्विचची विधवा अ‍ॅग्नेस. तिने संग्रहालयातल्या कुंचीबरहुकूम कुंची शिवून तिचे फोटो टाकले होते, आतून लाल टाका. टाक्याबद्दल ती काही बोललेली नाही. पण इतकी प्रामाणिक कबुली मी दुसरी वाचली नाही. चौदा कलमं! कात्री आजची आहे हेसुद्धा सांगितलंय तिने. म्हणून मी धरून चाललो की जे तिने कबुलीत घातलं नाही ते मूळ वस्तूतच असणार. त्यात ती विधवा म्हणवायची. म्हणून नाव मीच दिलं, विधवेचा टाका. पान आता बंद झालंय, पण मी छापून ठेवलं होतं. सोबत फोटो पाठवतोय.’

आर्डिसने फोटो उघडला. आधी तिला मेणकापड ओळखू आलं. पिवळ्या लिंबांचं, आणि कोपऱ्यात कॉफीच्या भांड्याने जळून पडलेला गोल डाग. मेणकापड केव्हाच फाटून गेलं होतं. पण ते भांडं मेणकापड जाळून खाली टेबलापर्यंत पोचलं होतं, आणि टेबलावरचा तो डाग आत्ता तिच्या कोपराखाली होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. सूप उतू गेलं आणि गॅस विझला, तरी ती उठली नाही.

विधवा अ‍ॅग्नेस ती स्वतः होती. मंडळात शिरताना प्रत्येकाने त्या काळातलं एक नाव घ्यायचं असतं. तिचा नवरा लाइल याला या खुळात काडीचा रस नव्हता, शनिवारी तो एकतर मासे धरायचा नाहीतर झोपायचा, म्हणून तिने गमतीत विधवेचं सोंग घेतलं होतं. तंबूत एकटी का, असं मग कुणी विचारत नाही. लाइल म्हणायचा, “दर शनिवारी मारतेस मला, आणि रविवारी गवत कापायला जिवंत करतेस.” मग दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात, हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या आठवड्यात, अंगणातून मोटारीकडे जाताना तो पडला, आणि पुन्हा उठला नाही. पुढच्या वर्षी आर्डिसने मंडळातलं नाव बदललं. आता ती मार्जरी वैदीण होती. अ‍ॅग्नेसचं पान तिने बंद केलं. डॉक्टरच्या फॉर्मवर ‘विवाहित, अविवाहित, विधवा’ असे चौकोन असतात, तिथे मात्र ती अजून काहीच खूण करायची नाही. अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढी जागा कोरी. नर्सने विचारलं तर म्हणायची, “तुम्हाला रक्तदाब हवाय ना? मग तो घ्या.”

ती कुंची त्याच हिवाळ्यातली. कापायला घेतली ऑक्टोबरात, लाइल होता तेव्हा. शिवायला बसली डिसेंबरात. कापड कमी बेतलं गेलं होतं, कळीचा जोड ओढला जाऊन उसवत होता, त्यावर काहीतरी आडवं घालायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर लाइलचा शिकारीचा कोट होता, लाल-काळ्या चौकड्यांचा, त्याच्या बापाच्या वेळचा. तिने कोटाच्या आतल्या घेराची दुमड उसवून लाल धागे ओढून काढले आणि जोडावर फुल्या घातल्या. आयुष्यात तिच्या हातून इतके वाकडे टाके कधी पडले नसतील, कारण डोळ्यांपुढे दिसत नव्हतं. पुढे कामाचं पान लिहायला बसली तेव्हा सवयीप्रमाणे कबुली लिहीत गेली, एक, दोन, करत चौदापर्यंत. पंधरावं कलम लाल दोरा. तो कुठला, हे लिहावं लागलं असतं. मग लोकांनी फुलं पाठवली असती, फोन केले असते. तिने पेन ठेवून दिलं. इतरांच्या ढालीमागचे स्क्रू हुडकत पंधरा वर्षं फिरलेल्या बाईने आपला स्क्रू मात्र दारामागे टांगून ठेवला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आर्डिससाठी बेतलेली नाही, पण त्या दिवशी तिला ती अगदी अंगाबरोबर बसली असती.

आणि गंमत अशी की यातलं कुणालाच कळणार नव्हतं. मास्तरांना अ‍ॅग्नेस माहीत होती, आर्डिस नाही. मंडळातल्या निम्म्यांना तिचं जुनं नाव ठाऊक नव्हतं. गुणपत्रिकेवर ‘टाक्याला मूळ आधार सापडत नाही’ एवढं लिहिलं असतं तर त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. तिने तसं लिहिलंही, पेन्सिलने. दहातले सहा गुण कापले. मग ती स्वतःच्याच अक्षराकडे टक लावून बघत बसली. औषधाच्या दुकानात ती असंच बघायची. अक्षर बरोबर, सही बरोबर, आणि तरी चिठ्ठी खोटी.

शुक्रवारी बर्नीचा फोन आला. “सापडला का गं तुझा थापाड्या?”

“सापडला.”

“कोण निघाला?”

“शनिवारी सांगते.”

“पोरीचं काय करणार आहेस? तिच्या आईसाठी मी स्वतः खुर्ची नेऊन ठेवणार आहे, सांगून ठेवतो.”

“पाठीला उशीही ने,” आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला. आर्डिस उशीची चौकशी करते म्हणजे काहीतरी भयंकर होणार, हे बर्नीने ताबडतोब चार जणांना कळवलं.

त्यामुळे शनिवारी तळघरात कॉफीच्या टाकीपाशी नेहमीपेक्षा कमी गर्दी होती आणि पाकूच्या टेबलाभोवती जास्त. पाकूची आई येर वांग खुर्चीत बसली होती. अंगातलं जाड जॅकेट तिने काढलं नव्हतं, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, आणि झगे घातलेल्या गोऱ्या माणसांकडे ती अशी बघत होती की जणू यातलं कोण काटा मारतंय ते तिला घरी जायच्या आत ठरवायचं आहे. आर्डिसने ती नजर ओळखली. रोज सकाळी आरशात भेटणारी होती.

बाकीच्या दोन परीक्षकांनी कापड बघितलं, माप बघितलं, मान डोलावली. आर्डिसने कागद उघडले.

“विधवेचा टाका. पुरावा काय?”

पाकूचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज ताठ होता. “मिशिगनच्या वर्गाचे कागद. त्यांना आयोवाच्या मास्तरांचा आधार. त्यांच्या मागे कोण, ते मला माहीत नाही. शोधलं मी. सापडलं नाही.”

“मला सापडलं,” आर्डिस म्हणाली.

तिने पिशवीतून एक जुनी राखाडी कुंची काढली, आतून बाहेर केली आणि टेबलावर पाकूच्या कुंचीशेजारी ठेवली. पाकूच्या फुल्या सुरेख होत्या. आर्डिसच्या गावभर हिंडून आल्यासारख्या.

“हा टाका चौदाव्या शतकातला नाही,” ती म्हणाली.  “नॉर्विचचा नाही, लंडनचा नाही. माझ्या स्वयंपाकघरातला आहे. कापड कमी पडलं होतं आणि हाताशी लाइलचा कोट होता. चौदा गोष्टींची मी कबुली दिली आणि ही पंधरावी गिळली. माझी कबुली पुरी आहे असं समजून एका भल्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला. मास्तरांची चूक नाही. हिची तर नाहीच. थाप माझी आहे. बोलून मारलेली नाही, गप्प राहून मारलेली आहे.”

बर्नीने पकड खाली ठेवली. लाइलच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. तिच्याजवळ यावं की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो उशी नीट करायला गेला, जी आधीच नीट होती.

पाकूने आईकडे वाकून हमोंग भाषेत सगळं सांगितलं. येर वांगने पर्स खाली ठेवली. हात पुढे करून जुनी कुंची मागितली, डोळ्यांजवळ नेली, अंगठा लाल ओळीवरून फिरवला आणि काहीतरी म्हणाली. पाकू घुटमळली.

“काय म्हणतात?” आर्डिसने विचारलं.

“म्हणते की... टाके वाकडे आहेत.”

“आहेतच.”

“विचारते, कोट आहे का अजून?”

“आहे. दारामागे.”

येर वांगने पुन्हा काही सांगितलं. “म्हणते, कोट आहे म्हणजे दोरा आहे. उसवून परत घाला, ती शिकवेल.”

“त्यांना सांग, बाकी काहीही शिकवा,” आर्डिस म्हणाली. “हे वाकडेच राहू देत.” आणि तिने खिशातून रुमाल काढला, चारचौघांत, ल्यूथरन चर्चच्या तळघरात. येर वांगने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. मग इतका वेळ जी इंग्रजी तिने कुणाला कळू दिली नव्हती, तीत ती सरळ आर्डिसला म्हणाली, “नवरा गेला. तू शिवलं. खोटं काय?”

दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर विरघळली असती. पण ही आर्डिस होती.

“साल खोटं होतं,” ती नाक पुसत म्हणाली. “जागा खोटी होती.”

“मग साल, जागा नीट लिही,” येर वांग म्हणाली आणि पर्स परत मांडीवर घेतली. विषय तिच्यापुरता संपला होता.

पाकूने पुराव्याचं पान पुढे ओढलं. मिशिगनवर रेघ मारली, आयोवावर मारली, चौदाव्या शतकावर मारली. पेन टेकवून तिने वर बघितलं. “पुरावा म्हणून काय लिहू?”

“लिही,” आर्डिस म्हणाली. “वॉसॉ, विस्कॉन्सिन. डिसेंबर दोन हजार नऊ. लाल लोकर, लाइल क्रोनिंगच्या कोटातली.”

“शिवणारीचं नाव?”

“आर्डिस क्रोनिंग.” ती थांबली. पाकूही पेन धरून थांबली.

“पुढे लिही,” आर्डिस म्हणाली. “विधवा.”

पाकूने लिहिलं. आर्डिसने पान हातात घेतलं, चष्मा लावून प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं, आणि मगच खाली सही केली.